शिंपल्यांमधला कृमी केमिकल टेस्टने कसा ओळखायचा: खाडीपासून रीडिंगपर्यंत सगळं

झूलॉजी किंवा फिशरीजला प्रोजेक्ट करणारी पोरं हमखास विचारतात की शिंपलीत जंत आहे की नाही हे केमिकल टेस्ट करून कळतं का. कळतं, पण सरळ नाही कळत. कृमी असला की निळं आणि नसला की पांढरं, असं कुठलंही रीएजंट बाजारात मिळत नाही. केमिस्ट्री दाखवते ती शिंपलीची झालेली हालत, म्हणजे तिचा साठा किती संपला, चरबी किती राहिली, अंगात पाणी किती भरलं. ही हालत कृमीमुळे झाली की दुसऱ्या कशामुळे, हे मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून संशय केमिस्ट्रीने घ्यायचा, पुरावा मायक्रोस्कोपने द्यायचा आणि नाव हवं असेल तर पीसीआर (डीएनएवरून जात ओळखायची टेस्ट) करायचा, ही वाटणी आधीच डोक्यात पक्की करून घ्या, कारण ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या (खाडीतल्या खायच्या शिंपल्या) काढणाऱ्या बायकांचा रोजचा बाजार तुमच्या एका रिपोर्टमुळे बसू शकतो. नुसत्या ग्लायकोजेनच्या (अंगात साठवलेल्या कर्बोदकाच्या) आकड्यावरून "अमुक खाडीतल्या शिंपल्यांत जंत" असं कुठे छापून आलं तर ते निस्तरायला वर्षं जातात.

आता कृमी म्हणजे नक्की कोणता? दोन शिंपांच्या प्राण्यांत, म्हणजे तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांच्यात, सगळ्यात जास्त नुकसान करणारे कृमी म्हणजे ट्रेमाटोड, चपटे कृमी. त्यातलं बुसेफॅलिड कुटुंब मी उदाहरणाला घेतोय कारण त्याची गोष्ट स्पष्ट आहे. मोठा कृमी माशाच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी शिंपलीत शिरते आणि तिथे स्पोरोसिस्ट नावाच्या फांद्या फुटलेल्या नळ्या वाढवते. या नळ्या आधी जननग्रंथीत आणि मग पाचकग्रंथीत पसरतात. नळ्यांच्या आत सर्केरिया, म्हणजे शेपटीवाल्या अळ्या, तयार होतात, त्या बाहेर पडून छोट्या माशात जाऊन बसतात, आणि तो छोटा मासा मोठ्याने खाल्ला की चक्र पूर्ण. शिंपली यात मरेलच असं नाही, पण तिला अंडी किंवा शुक्राणू तयार करता येत नाहीत. ती जिवंत राहते, गाळून खाते आणि खाल्लेलं बरंचसं कृमीला जातं.

केमिस्ट्रीला इथेच पकडायला जागा मिळते. शिंपल्यांचा मुख्य साठा ग्लायकोजेन, त्याच्यावरच अंडी बनतात, आणि कृमीचं पोटही त्याच्यावरच भरतं. अमेरिकेत थॉमस चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५-६६ च्या सुमारास बुसेफॅलस (याच कुटुंबातला कृमी) लागलेल्या अमेरिकन कालवांवर याच पद्धतीचं काम केलं होतं, कापांना रंग देऊन कर्बोदकं आणि चरबी कुठे आहेत, कुठे गेलीत ते बघितलं होतं. आज आपण करतो ते त्याच विचाराचं पुढचं रूप, फक्त आता आकडा काढायचा असतो.

पण थांबा, ग्लायकोजेन कमी होण्याची कारणं कृमीखेरीजही भरपूर आहेत. शिंपली अंडी सोडून मोकळी झाली की साठा उतरतो. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, शिंपली दिवसचे दिवस तोंड मिटून बसते, तेव्हाही उतरतो. नागभूषणम् आणि माने यांनी रत्नागिरीच्या हिरव्या शिनाण्यांच्या शरीरातले घटक ऋतूनुसार कसे बदलतात यावर १९७८ साली पेपर लिहिला, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर हा मुद्दा कित्येक वर्षांपूर्वी मांडून झालाय. त्यामुळे मे महिन्यातली निरोगी शिंपली आणि ऑगस्टमधली कृमीवाली शिंपली यांची तुलना करून काहीही सिद्ध होत नाही. तुलना एकाच दिवशी, एकाच जागेवरून, एकाच मापाच्या शिंपल्यांची हवी, हे विसरलात तर खाली लिहिलेलं सगळं फुकट.

सॅम्पल गोळा करणं

किती घ्यायच्या? नुसतं "आहे की नाही" बघायचं असेल तर ६० चा आकडा धरतात, कारण लागण ५ टक्के किंवा जास्त असेल तर ६० नगांत किमान एक सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. लागण २ टक्क्यांच्या आसपास असेल तर १५० लागतात. शिंपल्यांत स्पोरोसिस्टची लागण बऱ्याचदा कमीच असते, त्यामुळे ३० नग घेऊन "काही नाही" म्हणून मोकळं होऊ नका. मोठ्या मापाच्या घ्या, वय वाढतं तशी लागण सापडण्याची शक्यता वाढते, अगदी बारीक पिल्लांत वेळ घालवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सॅम्पल एकत्र करायची नाहीत. दहा शिंपल्यांचं मांस मिक्सरला लावून एक रीडिंग घ्यायची सवय कॉलेजांत फार आहे, काम लवकर उरकतं म्हणून. दहात एक कृमीवाली असेल तर तिचा परिणाम बाकीच्या नऊंत विरघळून जातो आणि तुमच्या हातात येतो तो सरासरीचा बिनकामाचा आकडा. एक शिंपली, एक नंबर, एक ट्यूब.

आणताना ओल्या गोणपाटात, थंड पेटीत आणा, बर्फाला थेट चिकटू देऊ नका, नळाच्या पाण्यात तर अजिबात टाकू नका. वेळेचंही बघा. शिंपली पाण्याबाहेर तोंड मिटून राहिली की ऑक्सिजनशिवाय जगायला लागते आणि तिच्या अंगात सक्सिनेट, ॲलानिन वगैरे साठतं. तुम्ही पुढे ऑरगॅनिक ॲसिड मोजणार असाल तर एसटीच्या डिकीत पाच तास पडलेल्या सॅम्पलमध्ये सक्सिनेट वाढलेलंच मिळणार, आणि गंमत म्हणजे बरेच परजीवी कृमीही सक्सिनेट बाहेर टाकतात, मग कोणाचं कोणतं हे कसं ओळखणार? म्हणून शक्यतो त्याच दिवशी, काही तासांत उघडा, आणि सगळ्या शिंपल्या पाण्याबाहेर सारखाच वेळ राहतील असं बघा.

उघडणं आणि वाटणी

व्हर्नियरने लांबी, मग पूर्ण वजन, मग बोथट सुरी घालून दोन्ही बाजूंचे स्नायू कापून उघडायचं. मांस बाहेर काढायच्या आधी एक मिनिट नुसतं बघा. निरोगी शिंपलीची जननग्रंथी भरीव, मलईसारखी, एकसारखी दिसते. स्पोरोसिस्ट असतील तर तिथे पांढुरक्या किंवा नारिंगी झाक असलेल्या बारीक धाग्यांचं जाळं दिसतं, मधेमधे गाठी आल्यासारखं, आणि सुईने उचललं तर धागा लांबतो. हलकी लागण मात्र डोळ्यांना दिसत नाही.

जननग्रंथीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा स्लाइडवर घ्या, खाडीच्याच गाळलेल्या पाण्याचा एक थेंब टाका, कव्हरस्लिप दाबा आणि आधी कमी पॉवरवर बघा. पिकलेल्या लागणीत जे दिसतं ते एकदा बघितलं की विसरत नाही, छोटंसं अंग आणि त्याला मागे दोन लांबलचक शेपट्या, त्या सुटतात, आखडतात, परत सुटतात, आख्खं फील्ड वळवळत असतं. ही बुसेफॅलिडची सर्केरिया. कच्च्या लागणीत फक्त नळ्या आणि त्यात गोल पेशींचे गोळे दिसतील, त्याही नोंदवा.

मग वाटणी. शरीराच्या मधोमध ४-५ मिलिमीटर जाडीचा आडवा काप डेव्हिडसन फिक्सेटिव्हमध्ये (टिश्यू टिकवणारा, फॉर्मलिन असलेला द्राव) टाका, २४ ते ४८ तासांनी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढा, हा हिस्टॉलॉजीसाठी, म्हणजे पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली बघण्यासाठी. जननग्रंथी आणि पाचकग्रंथीच्या सीमेवरचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, हा पीसीआरसाठी. फॉर्मलिनमधल्या तुकड्यातून नंतर डीएनए काढायला जाल तर नुसता त्रास होईल, म्हणून हा वेगळा ठेवाच. उरलेलं केमिस्ट्रीला, पण तेही अवयव वेगळे करून, मँटल (शिंपेला आतून लागून असलेला पडदा) वेगळं, स्नायू वेगळा, जननग्रंथी-पाचकग्रंथीचा गोळा वेगळा.

वेगळे का? कारण कृमीकडे स्वतःचं ग्लायकोजेन असतं. स्पोरोसिस्टने भरलेला गोळा तुम्ही आख्खा उकळला तर शिंपलीचं आणि कृमीचं मिळून रीडिंग येणार, आणि ते कधी कधी निरोगी शिंपलीएवढंच दिसणार. शिंपली किती उपाशी पडली हे बघायचं तर जिथे कृमी सहसा नसतो किंवा कमी असतो तिथे बघा, म्हणजे मँटल आणि स्नायू. माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथेच फसतात.

ग्लायकोजेन काढणं, अँथ्रोन पद्धत

साध्या कॉलेज लॅबमध्ये होते म्हणून हीच सांगतो. मेलेल्या टिश्यूत ग्लायकोजेन भराभर तुटतं, म्हणून उणे ८० चा फ्रीजर नसेल तर टिश्यू साठवायच्या भानगडीत पडू नका, वजन करून थेट गरम अल्कलीत टाका.

काचेच्या सेंट्रिफ्यूज ट्यूबमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम ओली टिश्यू घ्या, नेमकं वजन लिहा. त्यात ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड २ मिली घाला आणि उकळत्या वॉटर बाथमध्ये २० ते ३० मिनिटं ठेवा, टिश्यू पूर्ण विरघळून द्राव स्वच्छ झाला पाहिजे. गॉगल आणि ग्लोव्हज घालूनच, गरम अल्कली डोळ्यात उडाली तर ॲसिडपेक्षा वाईट. थंड झालं की सोडियम सल्फेटचा संपृक्त द्राव ०.२ मिली, मग द्रावाच्या दीड ते दुप्पट ९५ टक्के इथेनॉल घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी तळाला पांढरा फुफाटा बसलेला दिसतो, तेच ग्लायकोजेन. ३००० आरपीएमला १५ मिनिटं फिरवा, वरचं ओता, परत थोड्या इथेनॉलने धुवा, फिरवा, ट्यूब उलटी ठेवून निथळू द्या आणि तो गोळा १० मिली गरम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा.

यातून दहापट पातळ केलेला १ मिली टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, ट्यूब बर्फाच्या पाण्यात उभी करा आणि ४ मिली अँथ्रोन रीएजंट भिंतीवरून सावकाश सोडा. अँथ्रोन म्हणजे तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ०.२ टक्के, त्याच दिवशी बनवलेलं, शिळं वापरलं की ब्लँक (साखर न घातलेली ट्यूब) चढतो. हलवून १० मिनिटं उकळत्या बाथमध्ये, मग लगेच थंड. रंग निळसर हिरवा येतो, ६२० नॅनोमीटरला वाचा. सोबत ग्लुकोजचे २० ते १०० मायक्रोग्रॅमचे स्टँडर्ड आणि एक ब्लँक, दर बॅचला नव्याने. आलेल्या ग्लुकोजला ०.९ ने गुणलं की ग्लायकोजेन.

एक बारीक गोष्ट जी मॅन्युअलमध्ये सहसा नसते. अँथ्रोन सेल्युलोजलाही रंग देतं. ट्यूब टिश्यू पेपरने आतून पुसली, कापसाचा बोळा तोंडाला लावला, फिल्टर पेपरचा धागा पडला, की त्या एका ट्यूबचं रीडिंग भलतंच वर जातं आणि आपण शिंपलीला दोष देत बसतो. ट्यूब धुवून ओव्हनमध्ये वाळवा, पुसू नका.

आकडेमोड, आणि ओल्या वजनाचा फसवा हिशोब

समजा निरोगी शिंपलीच्या १ मिलीत ४० मायक्रोग्रॅम ग्लुकोज वाचलं. दहापट पातळ केलं होतं, मूळ द्राव १० मिली, म्हणजे ४० गुणिले १० गुणिले १०, ४००० मायक्रोग्रॅम, ४ मिलिग्रॅम. गुणिले ०.९, म्हणजे ३.६ मिलिग्रॅम ग्लायकोजेन १०० मिलिग्रॅम ओल्या टिश्यूत. ओल्या वजनाच्या ३.६ टक्के.

आता समजा कृमीवाल्या शिंपलीत हेच ३ टक्के आलं. लगेच "ग्लायकोजेन घटलं" असं लिहायचा मोह होतो. पण दोघींच्या टिश्यूचा दुसरा तुकडा ६० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवला आणि निरोगीत ८० टक्के, कृमीवालीत ८५ टक्के पाणी निघालं तर? निरोगीच्या १०० मिलिग्रॅममध्ये कोरडा भाग २० मिलिग्रॅम, म्हणजे ग्लायकोजेन कोरड्या वजनाच्या १८ टक्के. कृमीवालीत कोरडा भाग १५, म्हणजे २० टक्के. घटलं कुठे, उलट थोडं जास्तच दिसतंय! जे घडलं ते एवढंच की शिंपली पाणचट झाली. आकडे समजुतीपुरते घेतलेत पण ही गडबड खरीखुरी होते, म्हणून पाण्याचं प्रमाण प्रत्येक शिंपलीचं वेगळं काढा आणि निकाल कोरड्या वजनावर तसंच एका शिंपलीमागे एकूण किती, असा दोन्ही प्रकारे द्या. सोबत कंडिशन इंडेक्स द्या, म्हणजे मांसाचं वजन भागिले एकूण वजन गुणिले १००, एवढं साधं रूपही चालतं.

बाकीच्या टेस्ट

चरबीसाठी ब्लाय आणि डायर यांची १९५९ ची क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची पद्धत, ती मुळात माशांवर काम करतानाच बसवलेली आहे, शिंपल्यांना छान चालते, फक्त फ्यूम हूडमध्ये करा. प्रोटीन मोजायला लोरी पद्धत. शिंपलीचं रक्त म्हणजे हिमोलिंफ मागच्या स्नायूतून १ मिलीच्या सिरिंजने काढता येतं, पण त्यात समुद्राचे क्षार भरपूर असतात आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम लोरीत ढवळाढवळ करतात, म्हणून आधी ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडने प्रोटीन खाली बसवून मग मोजा. एनएमआर किंवा एलसी-एमएस या मोठ्या यंत्रांवर सगळे छोटे रेणू एकदम बघता येतात, सोय असेल तर जरूर करा, पण वरचे सगळे नियम तिथेही तसेच लागू, यंत्र महाग झालं म्हणून ऋतूचा परिणाम जात नाही.

एक स्वस्त आणि मला फार आवडणारी जोड म्हणजे पीएएस स्टेन, कर्बोदकांना रंग देणारा. डेव्हिडसनमधल्या कापावर पीएएस केलं की ग्लायकोजेन किरमिजी दिसतं, शिंपलीच्या पेशींत किती आणि स्पोरोसिस्टच्या भिंतीत किती हे एकाच स्लाइडवर डोळ्यांनी कळतं. शेजारी एक काप आधी अमायलेजमध्ये (ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम) ठेवून मग रंगवा, ज्याचा रंग गेला ते ग्लायकोजेन, राहिला ते म्युकस वगैरे.

पेप्सिनने पचवणं, पण कशासाठी

काही कृमी शिंपलीत पिशवी करून बसतात, मेटासर्केरियाच्या, म्हणजे सर्केरियाच्या पुढच्या अवस्थेच्या रूपात. त्यांच्यासाठी कृत्रिम जठररस वापरतात: १ लिटर पाण्यात ५-६ ग्रॅम पेप्सिन आणि ८ ते १० मिली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड, ३७ अंशाला एक-दोन तास हलवत ठेवायचं, मग जाळीतून गाळून, परत परत बसवून, खालचा गाळ स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघायचा. शिंपेचा चुरा आत राहू देऊ नका, चुना ॲसिड खाऊन टाकतो आणि पचन अर्ध्यात थांबतं. मधे एकदा पीएच बघा, २ च्या वर गेला तर ॲसिड वाढवा.

मर्यादाही लक्षात घ्या. स्पोरोसिस्ट या रसात पचून जातात, बिनपिशवीचे मेटासर्केरियाही जातात. दक्षिण कोरियात कालवांतून माणसाला लागणारा जिम्नोफॅलॉइडिस सेओई हा छोटा कृमी असाच, मँटल आणि शिंपेच्या मधे उघडा पडलेला असतो. १९८८ मध्ये तो एका बाईत सापडला, १९९३ मध्ये त्याला नवी जात म्हणून नाव मिळालं. असा कृमी शोधायचा तर पेप्सिन नको, मँटलखालची जागा खाडीच्या पाण्याने धुवून तेच पाणी बघायचं. आणि पिशवीत बसलेली प्रत्येक गोष्ट ट्रेमाटोड नसते, फीतकृमीच्या अळ्याही असतात. सिलोनच्या मोत्याच्या कालवांवर १९०३ ते १९०६ या काळात अहवाल लिहिणारे हर्डमन आणि हॉर्नेल तर मोती या अळ्यांभोवतीच बनतो असं म्हणत होते.

निकाल लावताना

मायक्रोस्कोप आणि हिस्टॉलॉजीवरून शिंपल्यांचे दोन गट करा, मग केमिस्ट्रीचे आकडे त्या गटांत टाका. उलटं नाही, म्हणजे कमी ग्लायकोजेनवाल्या सगळ्या "लागण झालेल्या" असं कधीच नाही. कृमीवालीची जननग्रंथीच गेलेली असते, त्यामुळे ती नर की मादी हे बहुतेक वेळा कळत नाही, मग निरोगी गटात दोन्ही घ्या आणि त्यांची पक्वता स्लाइडवरून लिहा. अंडी सोडून रिकाम्या झालेल्या निरोगी शिंपल्या हा तिसरा गट ठेवलात तर उत्तमच, कारण खरी परीक्षा तीच आहे: तुमची केमिकल टेस्ट कृमीवाली आणि नुकतीच मोकळी झालेली यांत फरक करू शकते का? बऱ्याच वेळा एकट्या ग्लायकोजेनला ते जमत नाही. ग्लायकोजेन, पाणी, चरबी मिळून बघितलं तर जरा जमतं.

"इतक्या टक्क्यांच्या खाली म्हणजे लागण" अशी रेघ मारायची घाई करू नका. तुमच्या खाडीची, तुमच्या जातीची, निदान वर्षभराची महिन्यागणिक माहिती असेल तरच ती रेघ मारायला अर्थ आहे. पीसीआर केलात तर शिंपल्यांच्या म्युकसमुळे रिॲक्शन अडते हे माहीत असू द्या, सीटीएबी पद्धतीने डीएनए काढला की अडचण कमी होते, आणि पॉझिटिव्ह कंट्रोल (कृमी नक्की असलेलं सॅम्पल) नसलेला निगेटिव्ह निकाल धरू नका.

शिंपल्या काढणाऱ्यांना काय सांगायचं हेही रिपोर्टचाच भाग आहे. बुसेफॅलिडचं चक्र माशात पूर्ण होतं, तो माणसाला लागत नाही, आणि तिसऱ्या आपण शिजवूनच खातो, हे पहिल्याच ओळीत लिहा. त्यांच्यासाठी कामाची माहिती वेगळी आहे: अमुक भागात इतक्या शिंपल्या बिनअंड्याच्या निघाल्या, म्हणजे तिथे पुढच्या पिढीचं बी कमी पडू शकतं, तिथे काढणी जरा आवरती घ्यावी का हे त्यांच्याशी बसून ठरवा.

उघडलेल्या शिंपल्या आणि धुतलेलं पाणी परत खाडीत फेकू नका, उकळून मग टाका. अँथ्रोनचं ॲसिड बेसिनमध्ये ओतायचं नाही, थंड झाल्यावर भरपूर पाण्यात थोडं थोडं सोडून, सोड्याने मारून, मग लॅबच्या वेस्टमध्ये. क्लोरोफॉर्मची बाटली वेगळी.